नवा रक्षाकरंडक

गेल्या काही महिन्यांत आमच्या घरात गळ्यात घालावयाच्या दोन चकत्या आल्या. पहिली आली ती नातवासाठी. तो महाविद्यालयात शिकतो आणि सुटी लागली की सह्याद्रीच्या डोंगरांत भटकावयास जातो. घरबसल्या मागविलेली ती पोलादी पट्टी त्याने मोठ्या कौतुकाने माझ्या हातावर ठेवली. आकार पत्त्याच्या पानाच्या निम्मा. पण एका कडेला करवतीचे दाते, दुसऱ्या कडेला डबा उघडावयाची चोच, मध्ये पेच फिरविण्याच्या खाचा, कोपऱ्यात शेंगदाण्याएवढे होकायंत्र, दोरीला चकमकीची कांडी आणि गाठीशी एक शिटी. "आजोबा, रानात अडकलो तरी एवढ्यावर चार दिवस निघतील," तो म्हणाला. मी चष्मा पुसून पट्टी दोन्ही अंगांनी वाचली. तीवर कारखान्याचे चिन्ह होते. ज्याच्या गळ्यात ती पडावयाची त्याचे नाव मात्र कोठेच नव्हते.

दुसरी चकती अण्णांसाठी आली. अण्णा म्हणजे आमचे थोरले बंधू. वय एकोणऐंशी. दोन वर्षांपासून त्यांच्या स्मरणशक्तीस उतार लागला आहे. श्रावणातील एका सकाळी फुले आणावयास म्हणून ते बाहेर पडले, ते दुपारचे तीन वाजले तरी परतले नाहीत. घरातील माणसे तीन दिशांना धावली. अखेर गावाच्या दुसऱ्या टोकाला बसच्या थांब्यावर ते बसलेले सापडले. तेथल्या एका फळवाल्याने त्यांना पाणी दिले होते, सावलीत बसविले होते, आणि दहा वेळा विचारले होते, "बाबा, घर कोठे?" अण्णांनी दहाही वेळा बिनचूक उत्तर दिले होते; पण ते घर सत्तर वर्षांपूर्वीचे, कोकणातले, आज ज्याचे जोतेही उरलेले नाही असे. बिचारा फळवाला काय करणार! त्याच्या दयेत काही उणे नव्हते. उणी होती ती चार अक्षरे.

त्याच आठवड्यात सूनबाईंनी नाव व दूरध्वनीचा क्रमांक कोरलेली एक चकती करवून आणली. अण्णांनी ती हातात घेतली, वाचली आणि खाली ठेवली. "मी काय टपालातले पुडके आहे, की कोंडवाड्यातले ढोर? गळ्यात पत्ता बांधून मला हिंडवू नका." यावर घरात कोणीच बोलेना.

एका चकतीत साधने सर्व, पण नाव नाही. दुसरीत नाव आहे, पण ती घालावयास मन नाही. या दोहोंचा विचार करता करता जे वाचले व जे सुचले, ते या महिन्यात वाचकांपुढे ठेवीत आहे.

अण्णांचा राग अगदी निराधार होता असे मला वाटत नाही. अंगावर नाव बांधण्याची ही आधुनिक चाल मुळात रणांगणावरची, आणि तीही जिवंतांसाठी नव्हे, मेलेल्यांसाठी. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६४ सालच्या जून महिन्यात, व्हर्जिनियातील कोल्ड हार्बर येथे मोठा हल्ला व्हावयाचा होता. सेनापती ग्रँट यांच्या पदरी होरेस पोर्टर नावाचे अधिकारी होते. हल्ल्याच्या आदल्या संध्याकाळी शिपाई आपापले कोट काढून शिवणकाम करीत बसलेले त्यांनी पाहिले. जवळ जाऊन पाहतात तो प्रत्येक जण कागदाच्या चिठ्ठीवर आपले नाव व घरचा ठिकाणा लिहून ती कोटाच्या पाठीवर टाचीत होता. उद्या आपण पालथे पडू, तेव्हा कोणीतरी पाठ वाचील, एवढीच त्यांची अपेक्षा.

अमेरिका व ब्रिटन यांच्या सरकारांना ही गोष्ट अमलात आणावयास पुढे चाळीस वर्षे लागली. अमेरिकेच्या सैन्यात १९०६ साली व ब्रिटिश सैन्यात १९०७ साली ॲल्युमिनियमची गोल चकती सुरू झाली. पहिले महायुद्ध पेटल्यावर ब्रिटिशांनी धातू सोडून दाबून केलेल्या तंतूंची तांबडी चकती काढली. पण प्रत्येकास चकती एकच, आणि तेथेच घोटाळा झाला. शिपाई पडला की त्याच्या मृत्यूची वर्दी देण्यासाठी सोबती ती चकती काढून नेत. मागाहून प्रेते पुरावयास येणाऱ्या तुकडीस निनावी देह तेवढा सापडे. कागदोपत्री मृत्यू पक्का, पण थडगे बेवारशी, असा प्रकार हजारोंच्या बाबतीत घडला. म्हणून १९१६ साली दोन चकत्या झाल्या. हिरवी अष्टकोनी चकती देहाबरोबर राहावयाची. तिच्याखाली आखूड दोरीने लोंबणारी तांबडी गोल चकती तोडून न्यावयाची. रंग निराळा, आकारही निराळा. अंधारात केवळ हाताला कळावे म्हणून ही योजना असली पाहिजे.

तरीही चकती म्हणजे सर्वस्व नव्हे. तीवरील नाव वहीत उतरवून घेण्याची कोणास तरी इच्छा असावी लागते. मेसोपोटेमियातील मोहिमेत आपल्याकडील सहावी पुणे डिव्हिजन होती. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुट येथे वेढ्यात सापडलेल्या सैन्यात मराठा पलटणीही होत्या. त्या मोहिमेत पडलेल्या व ज्यांची थडगी सापडत नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांचे स्मारक बसरा येथे उभारले गेले. तेथे अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या. राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली स्वतःच चौकशी करून, ४५,००० ते ५४,००० आशियाई व आफ्रिकी मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने केले गेले नाही, असे कबूल केले आणि त्याबद्दल क्षमा मागितली. ज्यांना ही क्षमा ऐकावयाची होती त्यांची मुलेही तोवर काळाच्या पडद्याआड गेली असतील. नाव ही केवळ सोय नव्हे, तो मान आहे, हे यावरून दिसते. आणि तो मान राखणे परक्यांच्या हाती असते, हेही दिसते.

आता या चकतीचा दुसरा जन्म पाहू. कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने १९०१ साली माणसांच्या रक्ताचे गट दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन शिपायाच्या चकतीवर नाव व क्रमांक यांच्याबरोबर रक्तगट आला, धनुर्वाताची लस टोचल्याचे वर्ष आले आणि धर्म दाखविणारे एक अक्षर आले. ज्या दिवशी रक्तगट कोरला गेला त्या दिवशी चकती प्रेताची न राहता जखमीची झाली, असे माझे मत आहे. आता ती वाचणारा थडगे खणणारा नव्हता. तो वैद्य होता.

याच चकत्यांच्या एका टोकाला एक खाच असे. तीविषयी एक भयंकर कथा आजही सांगितली जाते: शिपाई मेला की ती खाच त्याच्या दातांत अडकवून चकती ठोकून बसवीत, म्हणे. ही निव्वळ दंतकथा होय. अक्षरे उमटविण्याच्या यंत्रात चकती नीट बसावी, उलटी जाऊ नये, एवढ्याचसाठी ती खाच होती. दंतकथा हा शब्द येथे किती शब्दशः लागू पडतो, हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको.

शिपायांनी मग आपल्या अकलेने या साखळीत भर घातली. १९४२ साली शिकागो येथील सैनिकी शिध्याच्या प्रयोगशाळेत डबा उघडावयाचे एक घडीचे हत्यार तयार झाले. दोन बोटांत मावेल एवढी, सुमारे दीड इंच लांबीची पत्र्याची पट्टी, आणि तिला मुडपता येणारी एक चोच. शिध्याच्या डब्यांबरोबर ते मिळे. हरवू नये म्हणून शिपायांनी ते गळ्यातील चकत्यांच्याच साखळीत ओवले. डबा फोडणे, पेच पिळणे, दोरी कापणे, बुटाचा चिखल काढणे, सर्व कामे त्यावर होत. चकत्या एकमेकींवर वाजून शत्रूस चाहूल लागू नये म्हणून त्यांच्या कडेस रबर बसविले जाई. त्याच युद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या गळपट्टीशी एक शिटी अडकविलेली असे. विमान समुद्रात कोसळले तर काळोखात लाटांवर तरंगणाऱ्या माणसाने हाक मारावी कशी, हा प्रश्न तिने सोडविला. अशा रीतीने एकाच गळ्यात 'मी कोण' हे सांगणारी व 'मी जगावे कसे' हे पाहणारी अशा दोन्ही वस्तू आल्या. आमच्या नातवाच्या पट्टीचे कुळ हेच.

शांततेच्या काळात ही कल्पना घराघरांत नेण्याचे श्रेय कॅलिफोर्नियातील टरलॉक गावच्या कॉलिन्स नावाच्या डॉक्टर कुटुंबास आहे. त्यांच्या मुलीस १९५३ साली धनुर्वातावरील रक्तजलाच्या चाचणीची मात्रा उलटली व ती मरणाच्या दारातून परत आली. पुढे ती घराबाहेर पडू लागली तेव्हा आईबाप तिच्या कोटाला व मनगटाला चिठ्ठ्या बांधीत. चिठ्ठी हरवते, भिजते. म्हणून त्यांनी धातूचे कडे करविले, आणि १९५६ साली त्यातूनच 'मेडिकअलर्ट' ही संस्था निघाली. कोल्ड हार्बरच्या शिपायाची चिठ्ठी आणि या मुलीची चिठ्ठी यांत अंतर ते काय? पहिली मेल्यावर वाचावयाची होती. दुसरी मरू नये म्हणून.

आता नातवाच्या पट्टीची परीक्षा करू. पोलादाच्या पट्टीत बसविलेले होकायंत्र उत्तर दाखवील ही आशा व्यर्थ; शेजारचे लोखंड सुईला आपल्याकडे ओढते. मी ते पट्टीसकट ओटीवर फिरवून पाहिले, तेव्हा उत्तर दिशा एकदा तुळशीवृंदावनाकडे व एकदा न्हाणीघराकडे निघाली. चकमकीस कोरडे सरपण व सराव लागतो. सह्याद्रीत पावसाळ्यात कोरडे काही मिळत नाही आणि उन्हाळ्यात वाळलेले गवत इतके की एका ठिणगीने डोंगर पेटावा. बोटभर करवतीने फाटी कापता कापता बोटच कापावयाचे. विमानाने प्रवास करावयाचा झाला तर असली हत्यारे बाहेरच काढून घेतली जातील.

राहिली शिटी. ही मात्र खरी प्राणरक्षक. घसा ओरडून ओरडून थोड्या वेळात बसतो. शिटीला श्वास थोडा लागतो आणि तिचा तीक्ष्ण सूर वाऱ्यातून व झाडीतून दूर जातो. बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसन यांची शिटी १८८३ साली लंडनच्या पोलिसांनी घेतली, तेव्हा त्यांच्या हातातील लाकडी खुळखुळे मागे पडले. आज समुद्रावरील जहाजांच्या प्रत्येक प्राणरक्षक जाकिटास शिटी दोरीने बांधलेली असलीच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जुन्या शिटीतील मणी पाण्याने वा मातीने अडकतो. १९८७ साली कॅनडातील रॉन फॉक्सक्रॉफ्ट या खेळाच्या पंचाने बिनमण्याची शिटी काढली, ती घ्यावी. आणि वाजवावी कशी? आल्प्स पर्वतात १८९४ सालापासून चालत आलेला संकेत असा: एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा वेळा, ऐकणाऱ्याने मिनिटास तीन वेळा उत्तर द्यावे. इतके ध्यानात न राहिल्यास थांबून थांबून तीन तीन वेळा वाजवावी. तीन हाका म्हणजे संकट, हा संकेत पुष्कळ देशांत रूढ आहे.

तात्पर्य, पट्टीवरील सर्व हत्यारांतून एक शिटी उरली, आणि अण्णांच्या चकतीवरून एक नाव. शिटी म्हणजे आपण दुसऱ्यास बोलावणे. नाव म्हणजे बोलता येईनासे झाल्यावर दुसऱ्याने आपल्याला ओळखणे. ही दोन एकत्र असली म्हणजे पुष्कळ झाले.

पण अण्णांचे काय? बुद्धीस पटलेली गोष्ट मनास पटतेच असे नाही. एका संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसलो. दुपारी काय जेवलो हे त्यांना सांगता येत नव्हते. मी विचारले, "अण्णा, सर्वदमनाच्या मनगटावर काय बांधलेले होते?"

"रक्षाकरंडक," ते तत्काळ म्हणाले. "आत अपराजिता नावाची वनस्पती. भगवान मारीचांनी जातकर्माच्या वेळी दिलेली. सातवा अंक."

"मग चकती आणि तो करंडक यांत फरक काय? त्यानेच मुलाचे रक्षण केले आणि त्यानेच बाप ओळखून दिला."

अण्णा क्षणभर थांबले. मग शाळेत मला चूक दाखवीत त्याच स्वरात म्हणाले, "फरक आहे. तो भुईवर पडला तर आईबापांनी किंवा त्या मुलाने स्वतःच उचलावयाचा. दुसऱ्या कोणी हात लावला तर साप होऊन डसावयाचा. तुमची ही चकती रस्त्यावरच्या वाटेल त्याने वाचावी. हे कसले रक्षण?"

मला उत्तर सुचेना. एकोणऐंशी वर्षांच्या त्या विस्कटलेल्या स्मृतीने नेमके मर्मावर बोट ठेवले होते. थोड्या वेळाने मी म्हटले, "अण्णा, आपल्याला उचलून घेणारे आईबाप आता कोठे आहेत? आता तुम्ही काय नि मी काय, रस्त्यात पडलो तर उचलणार ते परकेच. दुष्यंताची अंगठी आठवते? पाण्यात गळालेली ती अंगठी राजाकडे आणली कोणी? एका कोळ्याने. रक्षकांनी त्याला चोर समजून बांधले. पण तो नसता तर नाटक पाचव्या अंकातच संपते. अंगठीवर नाव होते म्हणून कोळ्याच्या प्रामाणिकपणाला वाट मिळाली."

बराच वेळ अण्णा अंगणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "त्या माणसाने मला पाणी दिले होते. पेरूही दिला होता." आम्हांपैकी कोणी ही गोष्ट त्यांच्यापाशी काढली नव्हती. आणि मग, "घालावयाचे तर घरातल्या सर्वांनी घाला. मीच एकटा हरवणार आहे काय?"

हे बोलणे आम्ही शिरसावंद्य मानले. जुन्या ताइताच्या घाटाच्या, मळसूत्री झाकणाच्या लहान नळ्या करविल्या. वाचकांपैकी कोणास करावयाच्या असल्यास चार गोष्टी सांगतो. नळीच्या बाहेर नाव व घरातील दोन माणसांचे दूरध्वनी कोरावे, देवनागरीत आणि रोमन अक्षरांतही; आपला माणूस कोणत्या प्रांतात सापडेल याचा नेम नसतो. बाहेरच 'आत वाचा' असेही कोरावे, नाहीतर आतला कागद आतच राहावयाचा. आत, न भिजेल अशा कागदावर, चालू औषधे, मधुमेहासारखे विकार आणि न सोसणारी औषधे लिहावी, व औषध बदलले की कागदही बदलावा. रक्तगट लिहिला तर हरकत नाही; पण रक्त देण्यापूर्वी रुग्णालय तपासणी करतेच. घरचा संपूर्ण पत्ता व पैशाअडक्याची माहिती मात्र लिहू नये. परक्यावर विश्वास ठेवावा, पण त्यास मोहात पाडू नये.

लहान मुलांच्या गळ्यातील दोरी ओढ बसताच सुटेल अशी असावी, फास बसेल अशी नसावी. हल्ली ठिपक्यांच्या चौकोनी संकेताची, म्हणजे क्यूआर कोडची, पदकेही मिळतात. मोबाईलने तो संकेत टिपला की घरच्यांची माहिती दिसते. सोय उत्तम, पण ज्याच्यापाशी तसला मोबाईल नाही अशा फळवाल्यासाठी साधी अक्षरेही असू द्यावी. आणि 'माझा मोबाईल आहे की खिशात' म्हणून निश्चिंत राहू नये. आपण बेशुद्ध असतो तेव्हा तो कुलूपबंद असतो, आणि रात्र पडली की त्याची विद्युत् संपलेली असते.

नातवाच्या पोलादी पट्टीच्या कोऱ्या पाठीवर आता त्याचे नाव आले आहे. अण्णांनी आपली नळी गळ्यात न घालता मनगटावर बांधून घेतली. मणिबंध हेच तिचे शास्त्रोक्त स्थान, असे त्यांचे म्हणणे. शिटी तेवढी जानव्याच्या किल्लीशेजारी अडकविली आहे.

परवा तिन्हीसांजेस ओटीवरून शिटी झाली. एक, दोन, तीन. सूनबाई हातातले पीठ तसेच घेऊन धावली, नातू जिन्यावरून उड्या टाकीत आला, मी पोथी उघडी टाकून उठलो. अण्णा झोपाळ्यावर शांत बसले होते.

"काही झाले नाही," ते म्हणाले. "कोण कोण येते ते पाहत होतो."